विषारी धुळीने आजार जडला. वकील कुठे शोधायचा?

सिलिका किंवा ॲस्बेस्टॉसची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की फुफ्फुसं निकामी होऊ लागतात. सिलिकोसिससारखे आजार कायद्याने ‘व्यावसायिक रोग’ मानले आहेत, त्यामुळे भरपाई मागता येते. पण त्यासाठी वकील कसा शोधायचा?

जाहिरात पाहून नक्कीच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही आणि भरपाईतला वाटा फी म्हणून ठरवताही येत नाही. ‘केस जिंकलो तर निम्मे द्या’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

त्याऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. औद्योगिक कामगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन: १५१००.

सोबत पगारपत्रक, हजेरीकार्ड, एक्स-रे आणि केसपेपर न्या. कोणतं काम किती वर्षं केलं, हे डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला सांगा. ईएसआय लागू असेल तर दावा तिथेच करावा लागतो. नसेल तर कामगार भरपाईच्या दाव्याला साधारण २ वर्षांचीच मुदत असते. म्हणून निदान होताच वकील गाठा.