जुन्या गाडीत सिंथेटिक ऑइल टाकलं की इंजिन गळतं?

ज्यांचे इअरफोन हरवलेत किंवा ज्यांना लोकलच्या गर्दीत काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. माझं दर दोन वाक्यांनंतरचं "म्हणजे काय ना" तेवढं गाळलंय.

प्रश्न पाठवलाय डिलिव्हरी करणाऱ्या एका मित्राने. वडिलांची जुनी हिरो होंडा स्प्लेंडर, मीटरवर नव्वद हजारांच्या पुढचा आकडा, आणि घर तिच्यावर चालतं. मेकॅनिक म्हणतो, "सिंथेटिक टाकू नकोस, इंजिन गळायला लागेल." यूट्यूबवाले म्हणतात, टाक, इंजिन नव्यासारखं होईल. ऐकायचं कुणाचं?

मेकॅनिकची भीती हवेतली नाही. इंजिनमधली ऑइल सील रबराची असतात. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती कडक होतात, त्यांना बारीक चिरा जातात. त्या चिरांमध्ये जुन्या ऑइलचा गाळ जाऊन बसतो आणि बूच मारल्यासारखा गळती थांबवतो. मग चांगलं ऑइल येतं, त्यातली साफ करणारी रसायनं हा गाळ धुऊन काढतात, आणि दुसऱ्या दिवशी गाडीखाली डाग दिसतो. चीर आधीपासूनच होती. चांगल्या मिनरल ऑइलनेही हे होऊ शकतं. सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिक ऑइलनी रबर आकसायचं, तिथून ही बदनामी चिकटली. आता ऑइलमध्ये रबर मऊ ठेवणारे घटक घालतात, त्यामुळे ती अडचण फारशी राहिलेली नाही.

यूट्यूबचं काय? झिजलेलं लोखंड कुठलंच ऑइल परत भरून काढत नाही. गाडी बराच वेळ न्यूट्रलला उभी राहिल्यावर रेस देताच निळसर धुराचा एक भपका आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्यायचा. चढावर, लोडवर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. अशा गाडीत महागडं सिंथेटिक ओतणं म्हणजे सायलेन्सरमधून पैसे जाळणं! तिथे साधं मिनरल चालू ठेवा आणि इंजिन कामासाठी पैसे बाजूला टाका.

मग सिंथेटिकचा फायदा कुठे? उष्णतेत. स्प्लेंडरचं इंजिन हवेने थंड होतं, आणि सिग्नलला उभं असताना हवा कुठली? डिलिव्हरीवाल्याचा दिवस तर सिग्नल आणि सोसायटीच्या गेटवरच जातो. सिंथेटिक गरम झाल्यावर कमी उडून जातं, लवकर जळून घट्ट होत नाही. थंडीतल्या स्टार्टचा फायदा जाहिरातीत फार सांगतात, पण 10डब्ल्यू या आकड्याची चाचणी उणे 25 अंशांना होते. पुण्यात ती वेळ येणार नाही.

"सिंथेटिक पातळ असतं" हाही एक गैरसमज. गरम इंजिनात ऑइल किती पातळ होणार, ते डब्यावरच्या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. 30 म्हणजे 30, मिनरल असो की सिंथेटिक. गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड दिलाय तोच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे बरेच जण फसतात. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्यांनी क्लच प्लेटा घसरतात. म्हणून डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए2" शोधा. "एमबी" असेल तर तो डबा ॲक्टिव्हासारख्या स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच कोरडा असतो.

जुनी गाडी असेल तर इंजिन फ्लशच्या भानगडीत पडू नका. सुटलेला गाळ ऑइलच्या जाळीत अडकला तर वर ऑइलच पोचत नाही. त्यापेक्षा सिंथेटिक पहिल्यांदा टाकल्यावर ते नेहमीच्या निम्म्या किलोमीटरलाच बदला, म्हणजे गाळ हळूहळू बाहेर येतो. ऑइल लवकर काळं पडलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका, ते आपलं काम करतंय.

तर मित्रा, धूर नसेल आणि इंजिन बाहेरून कोरडं असेल, तर बिनधास्त टाक. कुठे ओलावा दिसत असेल तर आधी ते सील बदल, ऑइलचं नंतर बघू. आणि काहीही टाकलंस तरी दर आठवड्याला लेव्हल बघ. या इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असतं. त्यातलं पाव-अर्धा लिटर गुपचूप जळालं, तर भर रस्त्यात इंजिन जाम होऊ शकतं आणि त्या दिवसाची नाही, महिन्याची कमाई जाते. गाडी मेन स्टँडवर लाव, थोडा वेळ चालू करून बंद कर, दोन-तीन मिनिटं थांब, काडी पुसून परत घाल. आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची.

पुढच्या भागात चेन-स्प्रॉकेट. तुमच्या गाडीचं मॉडेल आणि किलोमीटर सांगून व्हॉइस नोट पाठवा, आणि जमलं तर आवाज इंजिनचाही येऊ द्या.