पाणी शिरलेला बोर्ड लगेच चालू करू नका

जुलै २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली आणि नदी-नाल्यांचं पाणी गावांत घुसलं. अशा पुरानंतर आधी धान्य, कपडे, कागदपत्रं यांची आवराआवर होते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "जरा टीव्ही लावून बघा, चालतो का?" घात होतो तो नेमका इथे. बरेचसे बोर्ड नुसत्या पाण्यानं मरत नाहीत, ओले असताना करंट दिल्यानं मरतात.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण पुराचं पाणी, बोअरचं पाणी, सांडलेला चहा, या सगळ्यांत क्षार असतात. आपल्याकडे शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्याची चव वेगळी सांगायची गरज नाही. बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांमध्ये मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर असतं. खारं पाणी मध्ये आलं की करंट नको त्या वाटेनं जातो, तांबं झिजू लागतं आणि हिरवट थर चढतो. पाणी वाळलं तरी क्षार तिथेच राहतो. पावसाळी हवेतला ओलावा शोषून तो पुन्हा काम सुरू करतो. "उन्हात वाळवला, चालू झाला" म्हणून खुश झालेल्या घरात महिनाभरानं तोच टीव्ही बंद पडतो, तो यामुळेच.

साफसफाईआधी एक गोष्ट ठरवून घ्या: काय उघडायचं आणि काय नाही. रिमोट, कॉलबेल, बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारा रेडिओ किंवा वायफाय राउटर, सेलवरचा वजनकाटा ही कामं घरी होतात. मायक्रोवेव्ह, जुना डबा टीव्ही, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी आणि शेतातल्या मोटारीचा थ्री-फेज स्टार्टर घरी उघडू नका. घरातली वीज २३० व्होल्ट असते, पण पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ती साधारण ३२५ व्होल्ट होऊन साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहू शकते. मायक्रोवेव्हमध्ये हा आकडा हजारांत जातो. इन्व्हर्टरचं तर मेन स्विच बंद केलं तरी बॅटरी जोडलेलीच असते. काही जण स्क्रूड्रायव्हर टेकवून कपॅसिटर "उतरवतात". ठिणगी उडते, बोर्ड जातो, कधी डोळाही जातो. मल्टिमीटरनं मोजता येत नसेल तर ते झाकण बंदच राहू द्या. मशिदीचा अॅम्प्लिफायरही थेट मेनवर चालतो, तोही मेकॅनिककडेच द्यावा.

आता घरी करायचं काम. प्लग काढा, सेल किंवा बॅटरी बाहेर काढा. मोबाइलमधली किंवा पॉवर बँकेतली लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर तिला दाबू नका, टोचू नका, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा. वायरी काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या. जोडताना हेच फोटो कामाला येतात.

नुसती धूळ असेल तर मऊ कोरडा ब्रश पुरे. त्याआधी लोखंडी खिडकीला किंवा नळाला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज जमते. पाल आणि मुंग्यांनी घाण केली असेल तर नाका-तोंडावर कापड बांधा.

चिखल किंवा खाऱ्या पाण्याचे डाग असतील तर पद्धत बदलते. पुष्कळ जण सरळ आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात. ते तेलकटपणा छान काढतं, पण क्षार त्यात नीट विरघळत नाही. क्षाराला पाणीच लागतं, तेही डिस्टिल्ड, जे आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो. स्क्रीन, स्पीकर, माइक वेगळे करून बाजूला ठेवा. बोर्डवर डिस्टिल्ड वॉटर घालून जुन्या टूथब्रशनं हळू घासा, पाणी बदलून पुन्हा धुवा. मग ९९ टक्के आयपीए फिरवा. ते उरलेल्या पाण्याला सोबत घेऊन उडून जातं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळतं. हँड सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल आणि थिनरचं तर नावच काढू नका, प्लास्टिक विरघळतं आणि भडका उडतो.

आयपीएसुद्धा पेट घेतं. १२ अंशांच्या आसपासच त्याची वाफ पेटण्याइतकी होते, आणि आपल्याकडचा उन्हाळा सर्वांना माहीत आहे. त्यामुळे गॅस बंद, खिडक्या उघड्या, लेकरं लांब. नावात "अल्कोहोल" असल्यानं काही घरांत संकोच वाटतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं हे दारूतलं इथेनॉल नव्हे, वेगळं रसायन आहे आणि पोटात गेलं तर विषारी आहे. शरई बाजू मात्र आपल्या मुफ्तीसाहेबांनाच विचारावी, ते आमचं क्षेत्र नाही.

रिमोटमध्ये अल्कलाइन सेल फुटून पांढरी पूड आली असेल तर कापसाच्या काडीवर सिरक्याचे दोन थेंब घ्या, पूड पुसा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी आयपीए. ही पूड बोटानं खरवडू नका, कातडी भाजते.

वाळवायला घाई नको. पाण्यानं धुतलेला बोर्ड पंख्याखाली किमान २४ तास, पावसाळ्यात ४८ तास ठेवा. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याचा उपाय घरोघरी चालतो, पण तांदूळ आतला क्षार काढत नाही आणि त्याची पूड भोकांत जाऊन बसते. अॅपल कंपनीनंही २०२४ मध्ये आपल्या सूचनांत तांदूळ नको असंच सांगितलं. हेअर ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर.

टीव्ही-फ्रिजचे बोर्ड मेकॅनिककडे गेले तर त्याला विचारा, "पहिल्यांदा सिरीज बल्बवर लावणार ना?" जुने कारागीर बोर्डच्या वाटेत साधा पिवळा बल्ब जोडतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, सगळा करंट तोच अडवतो आणि बोर्ड वाचतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही. आणि पाणी शिरलंय हे त्याच्यापासून लपवू नका. ते माहीत असेल तर तो आधी धुईल, नंतर करंट देईल.