कानाला काडी लावू नका!

कानातला मळ शरीर मुद्दाम तयार करतं. तो धूळ अडवतो, जंतूंना रोखतो, कातडी कोरडी पडू देत नाही. शिवाय कानाच्या नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेला सावकाश सरकत असते आणि मळालाही सोबत आणते. जेवताना-बोलताना हलणारा जबडा त्याला मदत करतो. इतकी चोख सोय असताना आपण इअरबड, पिन, गाडीची किल्ली आत घालतो आणि बाहेर निघालेला मळ पुन्हा ठासून बसवतो. मग दडा बसतो.

कान कोरताना काहींना खोकला येतो. घशाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेची एक फांदी कानाच्या नळीतही आलेली असते! चवीची एक नस तर थेट पडद्याला लागूनच जाते. म्हणून कानाच्या ऑपरेशननंतर काहींच्या तोंडाची चव काही काळ बदलते.

पावसाळ्यात कान सतत खाजत असेल तर बुरशीची शंका घ्या. दमट हवा तिला मानवते, त्यात आपण मायेनं तेल सोडतो. बाळाच्या कानातही तेल नको. लहान मुलांची घसा आणि कान जोडणारी नळी आखूड, जवळजवळ आडवी असते. साधी सर्दी तिच्यातून मधल्या कानात पोहोचते आणि कान फुटतो. बाळाला दूध पाजताना डोकं थोडं उंच हवं, ते यासाठीच.

आपला तोलही कानच सांभाळतो. व्हिएन्नातले डॉक्टर रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आलं, की कान धुताना पाणी फार गार किंवा गरम असलं की रुग्णाला गरगरतं. त्या निरीक्षणातून तोलाची तपासणी जन्मली. 1914चं नोबेल त्यांना जाहीर झालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते! कूस बदलताच खोली फिरते, त्यामागे बऱ्याचदा आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते जागेवरून घरंगळतात. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते परत जागी नेतात, बहुतेकदा औषधाशिवाय.

सगळ्यात जास्त जपायच्या त्या ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी. एका कानात साधारण 15 हजार. पक्ष्यांमध्ये त्या नव्यानं उगवतात, माणसात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90चा फक्त 4 तास आणि 100चा जेमतेम 20 मिनिटं! विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीशेजारी लेकराला खांद्यावर घेऊन उभं राहणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. ढोल-ताशा पथकातल्या मुलामुलींनी चांगले इअरप्लग वापरावेत. कापसाचे बोळे पुरत नाहीत.

आणि एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर ‘सर्दीचा दडा असेल’ म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. स्टेरॉइडचा उपयोग होतो तो सुरुवातीच्या दिवसांतच.