पालींचा बंदोबस्त : आधी दिव्याकडे पाहावे

आपल्याकडे लक्ष्मीपूजन असते त्याच अमावास्येला बंगालमध्ये कालीपूजा होते. त्या सुमारास कोलकात्यातील दिव्यांभोवती इवल्या हिरव्या किड्यांचे थवे जमतात. श्यामा म्हणजे काली, म्हणून बंगालीत त्यांना ‘श्यामापोका’ म्हणतात. भात उत्पादकांना हा कीटक परिचित आहे. हेच भातावरील हिरवे तुडतुडे, टुंग्रो या विषाणुरोगाचे वाहक. भातखाचरांतून ते उजेडाकडे ओढले जातात आणि त्यांना टिपण्यासाठी भिंतीवर पाली गोळा होतात.

पाल घरात येते ती मुख्यतः भक्ष्यासाठी, हे एकदा ध्यानात आले की उपायांचा क्रम ठरतो. दाराबाहेरील पांढरा, निळसर झोताचा दिवा काढून तेथे पिवळसर प्रकाशाचा, कमी शक्तीचा दिवा लावावा. शक्यतो तो दारापासून दूर असावा. अंगणात प्रकाश सापळा लावायचा असल्यास तो घराच्या भिंतीलगत नको. त्यानंतर खिडक्यांना बारीक जाळी बसवावी. दाराखालची फट, नळ व वायर यांची छिद्रे आणि चौकटीमागील भेगा बुजवाव्यात. मादी अशाच आडोशाला बहुधा एका वेळी दोन अंडी घालते, त्यामुळे तसबिरी व कपाटे अधूनमधून हलवून मागची भिंत स्वच्छ करावी.

मोरपीस, अंड्यांची टरफले यांवर विसंबून राहू नये. त्यांचा भरवसा देता येत नाही. तंबाखूच्या गोळ्या किंवा शेतासाठीचे कीटकनाशक घरात वापरणे तर सर्वस्वी गैर आहे. पालीपेक्षा रांगत्या मुलालाच त्यांचा धोका अधिक. डांबरगोळ्याही तान्ह्या बाळाच्या खोलीत ठेवू नयेत.

दुधात पाल पडली की ते विषारी झाले, असे सर्रास मानले जाते. वास्तविक घरातील पाल विषारी नसते. मात्र तिच्या विष्ठेतून व अंगावरून साल्मोनेला जिवाणू अन्नात जाऊ शकतात, म्हणून ते दूध टाकून देणेच योग्य. स्वयंपाकघर आणि दूध साठवण्याची जागा येथे झाकण व जाळी यांबाबत तडजोड नको. गोठ्यात मात्र डास, पतंग टिपणारी पाल राहू द्यावी, असे आमचे मत आहे. बंगालमध्ये तिच्या ‘टिक टिक’ला बोलणे खरे ठरल्याची खूण मानतात, आपण शंकेची पाल चुकचुकली म्हणतो!

परसातील घोरपडीची गोष्ट वेगळी. कोलकात्याच्या उपनगरांत तळ्यांकाठी ती आढळते. तिला तेथे ‘गोसाप’ म्हणतात. ती अंडी व कोंबडीची पिले पळवते, तशी उंदीरही खाते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 नुसार तिला संरक्षण असल्याने मारणे अथवा पकडणे गुन्हा आहे. खुराड्याला मजबूत जाळी लावून ते सायंकाळी बंद करावे, अंडी वेळेवर उचलावीत. अंगणातील विटा-लाकडांचे ढीग हलवावेत. घोरपड घरात शिरून अडकल्यास तिला न डिवचता वनविभागास कळवावे.