मोटारीतील सुखसोयी : खिडकीची काच आणि वाऱ्याचा झोत
(नाशिकमध्ये निर्माण झालेल्या वाहनांच्या संदर्भात)

प्रस्तावना

मोटार खरेदी करताना ग्राहक इंजिनाची शक्ती, इंधनाचा खप आणि किंमत यांची चौकशी करतो. मात्र गाडी घरी आल्यावर त्याचा रोजचा संबंध येतो तो लहानसहान वस्तूंशी : काच खाली करण्याचे बटन, थंड हवेचा झोत सोडणारी जाळी, काचेवरील धुके पुसणारा वारा. या वस्तूंना सामान्यतः 'सुखसोयी' म्हटले जाते. सुखसोय म्हणजे असली तर बरी आणि नसली तरी चालेल अशी गोष्ट, असा या शब्दाचा रूढ अर्थ आहे. हा अर्थ मोटारीच्या बाबतीत कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विद्युतचलित खिडक्या आणि वातानुकूलनाचे झोत या दोन सोयींपुरती ही चर्चा मर्यादित असून त्यासाठी प्रामुख्याने नाशिक येथे तयार झालेल्या वाहनांची उदाहरणे घेतली आहेत.

नाशिकची ओळख द्राक्षे, कांदा आणि कुंभमेळा यांच्याइतकीच आज सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींमुळेही आहे. महिंद्रा कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यातून २००२ मध्ये स्कॉर्पिओ, २००७ मध्ये रेनॉ कंपनीच्या भागीदारीतील लोगान, २०१८ मध्ये मराझो आणि २०२० मध्ये नवी थार ही वाहने बाहेर पडली. सोयी कशा बदलत गेल्या, हे या वाहनांच्या अंतर्भागाकडे पाहिले तरी समजते.

हँडलपासून बटनापर्यंत

विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या खिडक्या ही अलीकडची कल्पना नव्हे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या सुमारास अशा खिडक्या आपल्या महागड्या गाडीत दिल्या होत्या. त्या काळी वीज आणि द्रवदाब यांचा संयुक्त वापर केला जाई. भारतात ही सोय बऱ्याच उशिरा आली. १९९१ मध्ये पुण्यात तयार झालेल्या टाटा सिएराची गणना विद्युतचलित खिडक्या आणि वातानुकूलन असलेल्या सुरुवातीच्या भारतीय गाड्यांमध्ये केली जाते.

आजच्या खिडकीची रचना तुलनेने सोपी आहे. दरवाजाच्या पोकळीत १२ व्होल्टवर चालणारी एक छोटी मोटर असते. तिच्या दांड्यावर मळसूत्रासारखे दाते असलेला वर्म गिअर असतो व तो एका दातेरी चाकाला फिरवतो. या चाकाची गती कात्रीसारख्या दुहेरी भुजांच्या किंवा पोलादी तारेच्या द्वारे काचेपर्यंत पोहोचते. बटन एका बाजूस दाबले की मोटरमधील प्रवाहाची दिशा बदलते आणि काच उलट दिशेने सरकते. वर्म गिअरचे वैशिष्ट्य असे की मोटर चाकाला फिरवू शकते, परंतु चाक मोटरला सहसा फिरवू शकत नाही. त्यामुळे बाहेरून काच खाली दाबून उघडता येत नाही. चोरीपासून मिळणारे संरक्षण हा या रचनेचा लाभ होय. तथापि वीज बंद पडल्यावर आतल्या माणसालाही ती काच हाताने खाली ओढता येत नाही. जुन्या हँडलच्या खिडकीला ही अडचण नव्हती. एकाच गुणधर्माच्या या दोन बाजू पुढील विवेचनात महत्त्वाच्या आहेत.

बटन कोठे असावे ?

सुरुवातीच्या स्कॉर्पिओमध्ये काचांची बटने दरवाजांवर नव्हती. ती दोन पुढील आसनांच्या मधल्या भागात होती. लोगानमध्येही पुढील काचांची बटने मध्यभागीच होती. २०२० च्या थारमध्ये हीच पद्धत पुन्हा दिसली.

या मांडणीमागे निश्चित कारणे आहेत. बटन मध्यभागी ठेवले की चालक आणि शेजारचा प्रवासी दोघांनाही एकच बटन वापरता येते. बटनांची संख्या कमी होते, दरवाजात जाणाऱ्या तारा कमी होतात आणि डाव्या व उजव्या बाजूने चालवायच्या गाड्यांसाठी तोच भाग उपयोगी पडतो. रुमानियात २००४ मध्ये प्रथम आलेली लोगान ही अनेक देशांत कमी खर्चात विकता यावी म्हणून घडवलेली गाडी होती. तिचे दोन्ही बाजूंचे बाहेरील आरसेही सारख्याच आकाराचे होते. जीप रँगलरसारख्या गाड्यांत दरवाजे काढून ठेवता येतात, म्हणून तेथे बटने मध्यभागी असणे अपरिहार्य ठरते. थारची घडण याच वंशातील आहे.

कारण समर्थनीय असले तरी वापरणाऱ्याचा हात सवयीने दरवाजाकडेच जातो. टोलनाक्यावर किंवा वाहनतळावर चालकाला बटन शोधण्यासाठी नजर रस्त्यावरून काढावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये थारची सुधारित आवृत्ती आली तेव्हा काचांची बटने दरवाजांवर गेली आणि मागील प्रवाशांसाठी हवेचे झोतही देण्यात आले. एकाच वाहनाच्या एकाच सुधारणेत या दोन सोयींचा समावेश व्हावा, ही बाब बोलकी आहे. बटनाची जागा हा केवळ सजावटीचा प्रश्न नसून उत्पादनखर्च, परंपरा आणि वापरणाऱ्याची सवय यांमधील तडजोड असते.

काच आणि मुलाचा हात

विद्युतचलित काच वर जाताना मोठे बल लावते. चाकाजवळच्या मोटरला काचेच्या कडेवर रबर आहे की लहान मुलाचा हात, हे समजत नाही. जुन्या प्रकारच्या, सपाट, झोपाळ्यासारख्या डोलणाऱ्या बटनांत आणखी एक धोका होता. खिडकीतून डोके बाहेर काढण्यासाठी मूल हातटेकूवर गुडघा ठेवते आणि त्याच गुडघ्याने बटन दाबले जाऊन काच वर येते. अशा अपघातांनंतर अमेरिकेत २००४ पासून नियम कडक करण्यात आले आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत काच वर नेण्यासाठी बटन बोटाने वर ओढावे लागेल अशी रचना तेथे रूढ झाली. वजन पडल्याने बटन दाबले जाते, पण वर ओढले जात नाही, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

दुसरा उपाय म्हणजे अडथळा जाणवताच काच मागे फिरणे. मोटरच्या दांड्यावर लहान चुंबक व संवेदक बसवून तिच्या फेऱ्या मोजल्या जातात. अपेक्षेपेक्षा गती मंदावली की मधे काहीतरी अडकले आहे असे नियंत्रक ठरवतो आणि प्रवाहाची दिशा बदलतो. युरोपीय नियमांनुसार काचेची फट ४ ते २०० मिलिमीटर असताना दाब १०० न्यूटनपेक्षा अधिक होण्यापूर्वी काच थांबून मागे फिरली पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे सुमारे दहा किलोग्रॅम वजनाचा भार.

येथे एक महत्त्वाची बारकी बाब लक्षात घ्यावी लागते. ही अट मुख्यत्वे एका स्पर्शात आपोआप बंद होणाऱ्या काचांना लागू होते. बटन दाबून धरले असेपर्यंतच जी काच चालते, तिच्या बाबतीत माणसाचा हात हेच नियंत्रण मानले जाते. परिणामी अनेक गाड्यांमध्ये एका स्पर्शात चढणारी काच आणि तिच्याबरोबर येणारी संरक्षणयंत्रणा ही फक्त चालकाच्या खिडकीला दिली जाते. मुले मात्र बहुधा मागील आसनावर बसतात. म्हणजे संरक्षण जेथे आहे तेथे धोका कमी आणि धोका जेथे आहे तेथे संरक्षण नाही, अशी विसंगती निर्माण होते. मागील काचांची बटने निष्क्रिय करणारी कळ चालकाजवळ असते व ती वापरणे हा आज उपलब्ध असलेला सर्वांत सोपा उपाय आहे. कमी किमतीच्या गाडीत नंतर बाहेरून विद्युतचलित खिडक्या बसवून घेणाऱ्यांनी त्या यंत्रणेत अडथळा ओळखण्याची सोय आहे की नाही, हे आवर्जून विचारले पाहिजे.

पाणी वाढते तेव्हा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांमध्ये गुदमरून काही जणांचा मृत्यू झाला. नाशिककरांनाही गोदावरीच्या पुराचा आणि घाटावर उभ्या केलेल्या गाड्या पाण्याखाली जाण्याचा अनुभव आहे.

अशा वेळी दरवाजा का उघडत नाही, हे साध्या गणिताने समजते. दरवाजाचा ०.८ चौरस मीटर भाग पाण्यात असेल आणि त्यावरील पाण्याची सरासरी खोली अर्धा मीटर असेल, तर बाहेरून येणारे बल सुमारे ३,९०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४०० किलोग्रॅम वजनाएवढे होते. दरवाजा बिजागरीवर फिरत असल्याने कडेजवळ ढकलणाऱ्याला त्याच्या निम्मे बल लावावे लागेल. तरीही ते २०० किलोग्रॅमच्या घरात जाते. बसलेल्या स्थितीत हे कोणालाही अशक्य आहे. म्हणून सुटकेचा मार्ग दरवाजा नसून खिडकी असतो. पाण्यात शिरलेल्या गाडीची विद्युतयंत्रणा बहुधा तत्काळ बंद पडत नाही. ती चालू आहे तोवर पहिल्या क्षणांतच काच उतरवणे आवश्यक असते. काच उतरत नसल्यास ती फोडावी लागते. बाजूच्या काचा बहुतांशी कडक केलेल्या काचेच्या असतात आणि टोकदार हातोडीने कोपऱ्याजवळ आघात केल्यास त्यांचे बारीक तुकडे होतात. पुढील काच दोन थरांमध्ये पापुद्रा चिकटवून तयार केलेली असल्यामुळे ती तडकते, परंतु कोसळत नाही. त्यामुळे तिच्यावर वेळ घालवू नये.

वाऱ्याची वाट

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास पोहोचतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत उष्णता किती वेगाने साठते, याविषयी स्टॅनफर्ड येथील संशोधकांचा एक अभ्यास २००५ मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका तासात आतील तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले आणि त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडीशी उघडी ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून मुलाला गाडीत ठेवून जाणे किती घातक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

वातानुकूलनाची यंत्रणा आतील हवेतील उष्णता शीतकाच्या साहाय्याने बाहेर नेते. पंखा हवा थंड नळ्यांच्या जाळीवरून ढकलतो, हवा थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन गाडीखाली ठिबकते. पुढे झडपांच्या साहाय्याने ही हवा चेहरा, पाय किंवा पुढील काच यांच्याकडे वळवली जाते. थंड हवा जड असल्याने तिचा झोत वरच्या बाजूस आणि उबदार हवेचा झोत पायांकडे असणे इष्ट ठरते.

पुढील पटावरील झोत मागच्या रांगांपर्यंत नीट पोहोचत नाहीत, ही तीन रांगांच्या गाड्यांची जुनी अडचण होती. मराझोमध्ये छताच्या मध्यावरून लांबीच्या दिशेने हवेचा मार्ग नेऊन ती सोडवण्याचा प्रयत्न झाला. त्यातून हवा थेट अंगावर घेता येई किंवा हळुवार पसरवता येई. वृद्ध, मुले आणि पाहुणे यांना मागे बसवण्याची आपली कौटुंबिक रीत पाहता ही रचना विशेष उल्लेखनीय ठरते.

झोतांचा दुसरा उपयोग कसारा घाटात पावसाळ्यात समजतो. श्वासातील बाष्प थंड काचेवर जमून समोरचे दिसेनासे होते. पुष्कळ चालक थंडी वाजते म्हणून अशा वेळी वातानुकूलन बंद करतात. वास्तविक वातानुकूलन चालू ठेवून हवा काचेकडे वळवली पाहिजे, कारण थंड जाळीवरून आलेली हवा कोरडी असते आणि ती काचेवरील बाष्प शोषून घेते. तापमानाची कळ उबदार बाजूस ठेवली तरी हवा कोरडीच राहते.

आतील हवा फिरवत ठेवण्याच्या कळीबाबतही असेच अज्ञान आढळते. विश्रांतीच्या स्थितीतील माणूस ताशी सुमारे १८ लिटर कर्बद्विप्राणिल वायू बाहेर टाकतो. तीन घनमीटर जागेत चार माणसे असल्यास दहा मिनिटांत १२ लिटर, म्हणजे ०.४ टक्के वायूची भर पडेल. बाहेरील हवेतील प्रमाणाच्या ही जवळजवळ दहापट आहे. फटींतून काही हवा आत येत असली तरी लांबच्या प्रवासात येणाऱ्या जडपणाचे आणि पेंगेचे हे एक कारण असते. धुळीच्या किंवा धुराच्या टप्प्यात ही कळ वापरावी आणि नंतर बाहेरची हवा पुन्हा सुरू करावी.

निष्कर्ष

'सुखसोय' आणि 'गरज' यांमधील सीमारेषा स्थिर नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरून कांदा वाहणाऱ्या ट्रकचालकाची केबिन थंड असणे ही दीर्घकाळ चैन समजली गेली. डिसेंबर २०२३ मधील केंद्रीय अधिसूचनेने मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन २०२५ पासून अनिवार्य ठरवले. थकलेल्या, घामाघूम चालकाच्या हाती असलेले अवजड वाहन हा इतरांच्याही जिवाचा प्रश्न आहे, हे त्यातून मान्य झाले.

खिडकीची काच आणि हवेचा झोत यांच्या बाबतीतही हेच दिसून येते. या सोयींचे वाटप आजवर किमतीनुसार व आसनानुसार होत आले : आधी चालकाला, मग शेजारच्याला, शेवटी मागे बसणाऱ्यांना. धोका मात्र या क्रमाने येत नाही. सोयीचे मूल्यमापन 'ती किती सुख देते' या कसोटीबरोबरच 'ती नसल्यास किंवा बिघडल्यास कोणाला किती इजा होते' या कसोटीवरही झाले पाहिजे. ग्राहकाने खरेदीच्या वेळी मागील काच अडथळा ओळखते का, मागील आसनावर हवा पोहोचते का आणि वीज गेल्यावर बाहेर कसे पडायचे, हे तीन प्रश्न विचारण्यास आरंभ केला, तर उत्पादकांनाही त्यांची उत्तरे द्यावी लागतील.