राखणदार नौका 'बेंगॉल'

बेळगावात राहणाऱ्यास सैनिक हा काही नवलाचा विषय नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे. कवायतीच्या मैदानावरून येणारा बँडचा आवाज आपल्या कानांस सवयीचा झाला आहे, आणि निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत क्वचितच असे गाव सापडेल की ज्यातून कोणी ना कोणी पलटणीत गेलेले नाही. परंतु आरमाराचा विषय निघाला की आम्ही सारे गप्प होतो. समुद्र आपल्यापासून फार दूर नाही. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून गेले की शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर वेंगुर्ल्याचा किनारा लागतो. तरीसुद्धा घाटावरच्या माणसाच्या मनात लढाई म्हणजे जमिनीवरची लढाई, हे चित्र पक्के बसलेले आहे.

या समजुतीत एक मोठी उणीव राहून जाते. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी परमुलखात लढल्या. १९४१ साली एरिट्रियातील केरेन येथे त्यांनी डोंगर चढून मोर्चे घेतले; पुढे इटलीत यशवंत घाडगे व नामदेव जाधव या दोन वीरांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. हे जवान तेथवर पोहोचले कसे? अर्थात जहाजांतून. त्यांची काडतुसे, त्यांचे धान्य, त्यांच्या मोटारींचे तेल, घरून आलेली पत्रेसुद्धा जहाजांतूनच गेली. त्या जहाजांची वाटेत राखण कोणी केली, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम 'काफिला' म्हणजे काय ते पाहू. वैराण मुलखातून जाणारे व्यापारी एकेकटे न जाता तांडा करून आणि हत्यारी माणसे बरोबर घेऊन जात असत. समुद्रावरील काफिल्याचे तत्त्व तेच आहे. माल वाहणारे जहाज मोठे, मंद आणि जवळजवळ निःशस्त्र असते. पाणबुडीने त्यास एकटे गाठले तर त्याचा निभाव लागत नाही. म्हणून अशी अनेक जहाजे रांगा करून एकत्र चालवीत आणि त्यांच्या सभोवती लहान लढाऊ नौका फिरत्या ठेवीत. या राखणदार नौका पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकत. आवाज पाणबुडीच्या अंगावर आदळून परत आला, तर त्यास लागलेल्या वेळावरून तिचे अंतर समजे. मग नौका तिच्यावरून वेगाने जाई आणि ठरलेल्या खोलीवर फुटणारी, पिंपाच्या आकाराची स्फोटके पाण्यात टाकी. पाण्याच्या दाबाने पाणबुडीचे कवच फुटावे, हा त्यामागील हेतू.

हे काम दिसावयास फारसे थोर नव्हते. आठवडेच्या आठवडे गाईगुरांच्या कळपाभोवती गुराख्याने फिरावे तसे फिरत राहावयाचे, रात्री दिवे लावावयाचे नाहीत, आणि काहीच घडले नाही तर तेच मोठे यश समजावयाचे.

१९४२ साल हिंदुस्थानास फार कठीण गेले. जपानने सिंगापूर घेतले, ब्रह्मदेश घेतला. एप्रिलमध्ये कोलंबो व त्रिंकोमाली येथे आणि आपल्या पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणम् व काकीनाडा येथे जपानी बाँब पडले. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला आणि तेथील तेलही थांबले. रॉकेलच्या टंचाईने घरोघरचे कंदील मंदावले. अशा वेळी इराणच्या आखातातून येणाऱ्या तेलाला सोन्याचे मोल आले, आणि ते वाहून नेणाऱ्या प्रत्येक जहाजालाही.

त्या वेळी आपल्या देशाच्या आरमाराचे नाव 'रॉयल इंडियन नेव्ही' असे होते. अंमल इंग्रजांचा, निशाण इंग्रजांचे, वरिष्ठ अधिकारी बहुतेक इंग्रज. खलाशी मात्र आपले. युद्धापूर्वी या खलाशांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान व मराठे यांचा भरणा मोठा होता. ज्यांच्या पूर्वजांनी शिवछत्रपतींच्या व कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात वल्ही मारली, त्याच किनाऱ्याची ही माणसे. युद्ध सुरू होताच आरमार झपाट्याने वाढू लागले आणि त्यासाठी नव्या नौका बांधण्यात आल्या. त्यांपैकी चार ऑस्ट्रेलियात तयार झाल्या : 'बेंगॉल', 'बॉम्बे', 'मद्रास' आणि 'पंजाब'. मूळ योजनेप्रमाणे या नौका पाण्यातील सुरुंग काढण्यासाठी होत्या. परंतु युद्धाच्या निकडीमुळे त्यांस राखणदारीचे कामही करावे लागले.

'बेंगॉल' ही सिडनीच्या कॉकटू गोदीत बांधली गेली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये सेवेत रुजू झाली. तिची लांबी अवघी १८६ फूट, वजन सुमारे ६५० टन, वेग ताशी १५ नॉट, म्हणजे सुमारे २८ किलोमीटर. माणसे ऐंशी-पंचाऐंशी. तिच्यावर चार इंची तोफ बसवावयाची होती. ती न मिळाल्याने तीन इंची तोंडाची एक लहान तोफ बसविली. त्याखेरीज विमानांवर मारा करण्याच्या हलक्या तोफा, एवढाच तिचा शस्त्रसंभार. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन.

५ नोव्हेंबर १९४२ रोजी ही नवी कोरी नौका ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल बंदरातून निघाली. तिच्याबरोबर 'ऑन्डिना' नावाचे डच तेलवाहू जहाज होते. त्याच्या टाक्या रिकाम्या होत्या; दिएगो गार्सिया बेटावरून पुढे जाऊन आबादान येथे तेल भरावयाचे होते. एक जहाज आणि एक राखणदार, असा हा सर्वांत लहान काफिला. ऑन्डिनावर चार इंची एक तोफ होती आणि तिच्यासाठी ३२ गोळे होते.

११ नोव्हेंबर रोजी दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस सुमारे पाचशे मैलांवर, क्षितिजावर दोन जहाजे दिसली. ती जपानी होती. त्यांची नावे 'होकोकु मारू' आणि 'आइकोकु मारू'. मूळची ही उतारूंची व मालाची मोठी जहाजे; जपानी आरमाराने त्यांवर साडेपाच-सहा इंची तोंडाच्या अनेक तोफा, पाणतीर आणि समुद्रावर उतरणारी विमाने चढवून त्यांस शिकारी बनविले होते. त्याच वर्षी त्यांनी हिंदी महासागरात 'जेनोटा' व 'हौराकी' ही दोन जहाजे पकडली होती आणि 'एलिसिया' हे बुडविले होते. प्रत्येकीचा आकार दहा हजार टनांहून अधिक आणि वेग २१ नॉट. व्यापारी जहाजाचे टन आणि लढाऊ नौकेचे टन मोजण्याची रीत निराळी असते, त्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तरी रेड्यासमोर कोकरू उभे राहावे असा हा सामना होता, यात संशय नाही.

आता विचार करा. पळावयाचे म्हटले तर शत्रूचा वेग अधिक. लढावयाचे म्हटले तर शत्रूच्या तोफा कितीतरी लांब मारा करणाऱ्या. विल्सन यांनी ऑन्डिनाला स्वतंत्रपणे निसटून जाण्याची सूचना दिली आणि आपली नौका सरळ शत्रूच्या दिशेने वळविली. आपली लहान तोफ लागू पडावयाची तर जवळ गेले पाहिजे, आणि आपण जवळ गेलो तर शत्रूचे लक्ष आपल्याकडे राहील व ऑन्डिनाला अवधी मिळेल, असा हा हिशेब होता. राखणदाराचे सारे कर्तव्य या एका वळणात आले.

ऑन्डिना मात्र नुसती पळाली नाही. तिनेही आपली तोफ सुरू केली. दोन्हींकडून गोळे सुटत असता एक गोळा होकोकु मारूच्या पिछाडीस लागला. तेथे पाणतीर होते, विमानाचे इंधन होते. आग भडकली, मोठा स्फोट झाला आणि थोड्या वेळातच ते प्रचंड जहाज समुद्राच्या तळाशी गेले. त्यावरील साडेतीनशे माणसांपैकी सुमारे पाऊणशे प्राणास मुकली.

पण दुसरे जहाज शाबूत होते. बेंगॉलला गोळे लागले होते आणि तिचा दारूगोळा संपत आला होता. तिने धुराचा पडदा सोडला आणि त्याच्या आडून ती लढाईतून बाहेर पडली. नौकेची नासधूस झाली, तरी तिच्यावरील एकही माणूस दगावला नाही. ती दिएगो गार्सियाला सुखरूप पोहोचली.

ऑन्डिनाच्या नशिबी अधिक भोग होते. तिचे ३२ गोळे संपले. कप्तान विलेम होर्समन यांनी जहाज सोडण्याची आज्ञा दिली आणि त्याच सुमारास ते ठार झाले. माणसे होड्यांत उतरली. आइकोकु मारूने ऑन्डिनावर पाणतीर सोडले. दोन वर्मी लागले. मग त्या जहाजाने होड्यांतील निःशस्त्र माणसांवर मशीनगन चालविली आणि त्यांत आणखी काहीजण मेले. युद्धातही काही मर्यादा असतात. त्या ओलांडल्या गेल्याची ही नोंद आहे, आणि ती दडवून ठेवणे योग्य नव्हे.

शत्रू निघून गेला. ऑन्डिना एका अंगावर कलली होती, जळत होती, पण बुडाली नव्हती. रिकाम्या टाक्यांनी तिला तरंगत ठेवले होते. पहिले अधिकारी रेविंकेल यांच्या नेतृत्वाखाली वाचलेली माणसे पुन्हा तिच्यावर चढली. त्यांनी आगी विझविल्या, यंत्रे चालू केली आणि एका आठवड्याने, १८ नोव्हेंबर रोजी, ते जखमी जहाज फ्रीमँटलला परत आणले.

होकोकु मारू कोणाच्या गोळ्याने बुडाली? त्या काळी हिंदुस्थानात हे श्रेय बेंगॉलला दिले गेले. विल्सन यांस डी. एस. ओ. हे पदक मिळाले, आणि लहान नौकेने मोठे जहाज बुडविले ही वार्ता सर्वत्र गाजली. डच लोकांचे म्हणणे होते की तो गोळा ऑन्डिनाचा. नंतरच्या अनेक अभ्यासकांचा कौलही ऑन्डिनाच्या मोठ्या तोफेकडे झुकतो. दोन्ही नौकांवरच्या माणसांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिले तेच सांगितले. धुरात, गर्जनेत आणि मैलांच्या अंतरावर पाहिले, एवढाच फरक.

बेंगॉलने ऑन्डिनाला मागे टाकून जावयास नको होते, असेही कोणी म्हणेल. होड्यांतील माणसांची आठवण झाली की आमच्याही मनात हा विचार येतो. परंतु गोळे नसलेली नौका तेथे थांबून काय करू शकली असती? शत्रूस आणखी एक सावज मिळाले असते, एवढेच. ज्या वेळी जवळ जाण्याने उपयोग होता त्या वेळी ती जवळ गेली. आमच्या मते तिचा मोठेपणा येथे आहे. गोळा कोणाचा लागला यावर तो अवलंबून नाही. श्रेय ऑन्डिनाला दिले तरी बेंगॉलचे काही उणे होत नाही, आणि आपल्या देशाची नौका म्हणून न मिळालेला विजय तिच्या पदरी बांधणे हे तिचा गौरव करणे नव्हे.

या लढाईनंतर अशा शिकारी जहाजांचा हिंदी महासागरातील वावर जवळजवळ संपला. आइकोकु मारू पुढे १७ फेब्रुवारी १९४४ रोजी ट्रुक बेटांत बुडाली. पाणबुड्यांचा धोका मात्र राहिला, आणि राखणदारी चालूच राहिली. ११ फेब्रुवारी १९४४ रोजी कोलंबोहून कलकत्त्यास जाणाऱ्या काफिल्यावर विशाखापट्टणम्‌जवळ हल्ला झाला, तेव्हा आपल्या 'जमना'ने दोन ऑस्ट्रेलियन नौकांच्या साह्याने आर. ओ. ११० ही जपानी पाणबुडी बुडविली. त्याच वर्षी १२ ऑगस्ट रोजी सेशेल्स बेटांजवळ 'गोदावरी' व ब्रिटिश 'फिंडहॉर्न' यांनी यू-१९८ या जर्मन पाणबुडीस जलसमाधी दिली. आणखी एका नौकेचे नाव 'किस्तना' होते. निपाणीजवळून वाहणाऱ्या वेदगंगेचे पाणी दूधगंगेतून जिला जाऊन मिळते, ती आपली कृष्णाच ही.

युद्ध संपल्यावर सहा महिन्यांतच, फेब्रुवारी १९४६ मध्ये, याच आरमारातील खलाशांनी मुंबईत वाईट अन्न, अपमान आणि परसत्ता यांविरुद्ध बंड पुकारले. ज्या हातांनी काफिले राखले त्याच हातांनी इंग्रजांचे निशाण उतरविले. पुढे देशाची फाळणी झाली तशी आरमाराचीही झाली. गोदावरी पाकिस्तानकडे गेली; कृष्णा आणि बेंगॉल भारताकडे राहिल्या. बेंगॉल स्वतंत्र भारताच्या नौदलात काही वर्षे राहिली आणि १९६० साली मोडीत निघाली.

आज तिची एक फळीही आपणांस दाखविता येणार नाही. परंतु मित्रहो, पुढच्या वेळी वेंगुर्ल्यास किंवा मालवणास गेलात, तर सिंधुदुर्ग पाहून झाल्यावर क्षणभर पाण्याकडेही पाहा. पलटणीच्या जवानाचे नाव गावच्या शिळेवर कोरलेले सापडते. समुद्रावर शिळा बसविता येत नाही. म्हणून तेथे राखण करणाऱ्यांची आठवण आपणांसच ठेवली पाहिजे, आणि ती खरी ठेवली पाहिजे.