रुग्णवाहिकेचे इशारादिवे : पत्रा कापण्यापूर्वी

आज गावोगावी कमिट्या व ट्रस्ट वर्गणी जमवून रुग्णवाहिका घेतात. कमिटीत बसणारे आपण बहुतेक व्यापारी, आणि गाडी तयार करून देणारे डेंटर, पेंटर व ऑटो इलेक्ट्रिशियन पुष्कळदा आपलेच कारागीर बंधू. म्हणून इशारादिव्यांचे काम कसे व्हावे हे दोघांनीही समजून घेणे जरूर आहे.

दिवे दोन तऱ्हेचे असतात. एक पत्र्यावर वरून आवळलेला. दुसरा पत्र्याला भोक पाडून आत बसवलेला, ज्याचा चेहरा पत्र्याच्या जवळजवळ बरोबरीने राहतो. याला फ्लश लाइट म्हणतात. अरुंद गल्लीत तो भिंतीला, फांदीला घासत नाही आणि सहजासहजी चोरीला जात नाही. मात्र कापडाचे थान एकदा चुकीचे कापले की जोडता येत नाही, तसाच पत्राही. मोजमाप आधी, करवत नंतर.

प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. दिव्याबरोबर आलेला कागदी नमुना पत्र्यावर चिकटवून आतल्या बाजूला काय आहे ते पाहावे. तेथे वायरिंग, इंधनाची नळी, एअरबॅग किंवा गाडीचा आधारखांब असेल तर जागा बदलावी. मागचे दिवे दाराच्या वर घ्यावेत; दारावर बसवले तर रुग्ण उतरवताना दार उघडताच ते दिसेनासे होतात. पुढचे दिवे पुढील गाडीच्या आरशात दिसतील इतक्या उंचीवर असावेत.

भोकाभोवती मास्किंग टेप लावावी, पंचाने खूण करून आधी बारीक व मग होल-सॉने मोठे भोक पाडावे. आतून कापड लावून लोखंडाचा कीस झेलावा; राहिलेला कीस गंजून पत्रा खातो. कापलेली कड कानसीने गुळगुळीत करून तिला प्रायमर व रंग द्यावा आणि वाळू द्यावा. ही पायरी घाईत सुटते, आणि एका पावसाळ्यात रंगाखालून गंज फुगतो. त्यानंतर रबरी गॅस्केट बसवावे. सिलिकॉन भरायचे तर सिरक्यासारखा वास येणारे घेऊ नये. त्यातील आम्ल लोखंडाला गंज चढवते. न्यूट्रल प्रकारचे मागावे.

आता विजेचा हिशेब. १२ वॉटचे ६ दिवे म्हणजे ७२ वॉट. १२ व्होल्टवर ६ अँपिअर. इतका भार साध्या बटणावर न टाकता रिले लावावा. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, आणि वायर फ्यूजपेक्षा जास्त भार सोसणारी हवी. नाहीतर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. आत ऑक्सिजनचे सिलिंडर असलेल्या गाडीत याचा अर्थ काय, हे सांगायला नको. वायर पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट घालावे. सांधे पिळून टेप न गुंडाळता क्रिम्प करावेत. अर्थिंगची जागा रंग खरवडून स्वच्छ करावी.

गाडी ताब्यात घेताना कमिटीने दहा मिनिटे पाइपाने पाणी मारून दिव्यात ओल शिरते का ते पाहावे. सगळे दिवे चालू ठेवून बॅटरीवरचा व दिव्यावरचा व्होल्टेज मोजावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडल्यास वायर बारीक आहे किंवा सांधा ढिला आहे. दिव्यांचा रंग व संख्या आरटीओच्या नियमाप्रमाणे असल्याची खात्रीही काम सुरू करण्यापूर्वीच करावी.

एक गोष्ट कारागीर बंधूंसाठी. कोणी जादा पैसे देऊन खासगी मोटारीला असे दिवे लावायला सांगितले तर साफ नकार द्यावा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेही उतरले आहेत. दुसरीकडे, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आले. त्यानुसार रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु लोक बाजूला होतात ते केवळ दंडाच्या भीतीने नव्हे. आत कोणाचा तरी जीव आहे या विश्वासाने होतात. खोट्या गाडीवरचा दिवा तो विश्वास मोडतो, आणि खऱ्या गाडीवरचा विझलेला दिवा रुग्णाची वाट अडवतो.

वर्गणीचा पैसा अमानत आहे, तसे हे कामही. चार पैसे कमी सांगणाऱ्यापेक्षा कापलेली कड रंगवणारा कारागीर शोधावा आणि त्याला त्याची पूर्ण मजुरी द्यावी. अशाच रोजीत बरकत आहे.